वेचणीला यंत्र नव्हतं

दहावीचा निकाल हातात पडला आणि दोन महिन्यांत आम्ही पुण्याहून उत्तर व्हर्जिनियात राहायला आलो. बाबांच्या कंपनीचं काम होतं. २०२२ चा ऑगस्ट. शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा कळलं की अकरावीला अमेरिकेचा इतिहास सक्तीचा आहे. साधा वर्ग घ्यायचा किंवा एपी. एपीचा अभ्यास कॉलेजच्या पातळीचा असतो आणि मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते. मुलं त्या विषयाला 'एपुश' म्हणतात. दहावीला इतिहासात मला चांगले गुण होते, म्हणून मी बिनधास्त एपी घेतला. अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल तेव्हा मला लिंकन हे नाव आणि 'गुलामांची मुक्तता केली' हे एक वाक्य, एवढंच ठाऊक होतं.

नोव्हेंबरात आम्ही ज्या काळात शिरलो त्याला 'अँटीबेलम' म्हणतात. लॅटिन शब्द, अर्थ 'युद्धापूर्वीचा'. साधारण १८१२ च्या युद्धानंतर सुरू होऊन १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी युद्ध पेटेपर्यंतची चार-पाच दशकं. आमच्या बाईंनी (इथे शिक्षिकेला आडनावाने हाक मारतात, पण माझ्या मनात त्या बाईच राहिल्या) तो शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, या शब्दापासून सावध राहा. १८३० साली जगणाऱ्या कुणालाही आपण 'युद्धापूर्वी' जगतोय हे माहीत नव्हतं. १८५० साली पळून जावं की नाही याचा विचार करणाऱ्या बाईला पंधरा वर्षांनी राज्यघटनाच बदलणार आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे फक्त उद्याची सकाळ होती. हे मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा लागला.

या अभ्यासात एक प्रकार असतो, डीबीक्यू. सात जुने कागद पुढ्यात ठेवतात. कुणाचं भाषण, कुणाचं पत्र, एखादी जाहिरात, एखादं चित्र. एक तासात त्यांच्या आधारे एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. सात गुण. पहिल्या सरावात मला दोन मिळाले.

चूक कुठे झाली ते सांगते. सात कागदांत साउथ कॅरोलायनाचे सिनेटर जॉन कॅल्हून यांच्या १८३७ च्या भाषणाचा उतारा होता. गुलामगिरी ही नाइलाजाने सहन करायची वाईट गोष्ट नसून उलट हितकारक व्यवस्था आहे, असा त्यांचा दावा. युरोपातल्या गरीबखान्यांतल्या म्हाताऱ्यांपेक्षा आमच्याकडचा आजारी, म्हातारा गुलाम जास्त मायेने सांभाळला जातो, असंही ते म्हणतात. मी तो उतारा वाचला आणि उत्तरात लिहिलं, 'काही ठिकाणी गुलामांची चांगली काळजी घेतली जात असे.' आधार म्हणून कॅल्हूनचं नाव दिलं. दहा वर्षं मी असाच इतिहास शिकले होते. पुढ्यात छापील मजकूर येतो, तो खरा असतो, त्यातून मुद्दे काढायचे आणि 'कारणे द्या'चं उत्तर लिहायचं. मजकुरावर संशय घ्यायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाईंनी मला जेवणाच्या सुट्टीत थांबवून घेतलं. रागावल्या नाहीत. त्या ओळीखाली पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले: हे कोण बोलतंय? कुणापुढे बोलतंय? आत्ताच का बोलतंय? मग म्हणाल्या, गुलामांचा मालक असलेला माणूस सिनेटमध्ये उभा राहून ही व्यवस्था चांगली आहे असं सांगतोय, कारण उत्तरेकडून गुलामगिरीविरोधी अर्जांचे ढीग काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, येऊ लागलेत. या कागदावरून तुला गुलामांबद्दल काहीच कळत नाही. मालकांना तेव्हा कशाची भीती वाटत होती, हे मात्र अगदी स्पष्ट कळतं.

त्यानंतर त्यांनी मला पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती वाचायला दिल्या. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांत मालक स्वतः पैसे भरून त्या छापत. माणूस ओळखता यावा म्हणून त्यात खुणा असत: पाठीवर चाबकाचे वळ, कापलेला कान, गालावर डागलेलं अक्षर, गळ्यात लोखंडी पट्टा. १८३९ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या थिओडोर वेल्ड आणि ग्रिम्के भगिनींनी अशा शेकडो जाहिराती नि बातम्या कात्रून एक पुस्तकच काढलं. शत्रूने आमच्याबद्दल खोटं लिहिलं, असं म्हणायची सोय मालकांना उरली नाही, कारण प्रत्येक ओळ त्यांनीच छापून आणली होती. कॅल्हूनच्या 'मायेच्या' शेजारी ती एक जाहिरात ठेवली की पुरे. मी तो निबंध पुन्हा लिहिला.

वर्गात मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते मात्र कापसामुळे.

१७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं. दक्षिणेच्या आतल्या भागात जो आखूड धाग्याचा कापूस येतो त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते. हाताने ती सोडवायला एका माणसाचा अख्खा दिवस जाई आणि जेमतेम एक पौंड रुई निघे. यंत्राने दिवसाला कितीतरी पट जास्त रुई निघू लागली. बाईंनी विचारलं, 'यंत्र आलं की मजूर कमी लागायला हवेत. १७९० मध्ये या देशात जवळपास ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ३९ लाख ५३ हजार. असं का झालं?' वर्ग शांत. कुणी म्हणालं, मागणी वाढली. बाई म्हणाल्या, बरोबर, पण मग माणसंच का वाढवली?

मला उत्तर येत होतं आणि ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. दर दिवाळीत आम्ही गावी जायचो तेव्हा शेतात वेचणी चालू असायची. आजी आधी सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभाची पूजा, करायची, मग बायका कमरेला ओटी बांधून तासात उतरायच्या. पऱ्हाटीवरचं बोंड फुटलं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. दुसऱ्या दिवशी बोटं सोललेली असतात. शिवाय सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत. एकदा वेचलं, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तालुक्याच्या जिनिंगमध्ये कितीही मोठं यंत्र असू द्या, त्याच्या तोंडापर्यंत कापूस पोचवायला हातच लागतात.

मी हात वर केला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, 'यंत्र सरकी काढतं. वेचणीला यंत्र नव्हतं.' मग बोटं दाखवत बोंड कसं असतं ते सांगितलं. वर्गातल्या एकाही मुलाने कापसाचं झाड जवळून पाहिलेलं नव्हतं. बाईंनी मला फळ्यावर बोंडाचं चित्र काढायला लावलं.

त्याच आठवड्यात आम्ही सॉलोमन नॉर्थप यांच्या १८५३ च्या आत्मकथेतला वेचणीचा भाग वाचला. न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र म्हणून जन्मलेला हा माणूस १८४१ मध्ये वॉशिंग्टनमधून पळवून नेला गेला आणि लुइझियानात विकला गेला. दिवसाची साधारण वेचणी २०० पौंड, म्हणजे ९० किलो, असं तो सांगतो. संध्याकाळी प्रत्येकाची टोपली तोलली जाई. कमी भरली तर फटके. जास्त भरली तर उद्यापासून तेवढी आणलीच पाहिजे. म्हणून टोपली काट्याकडे नेताना प्रत्येकाच्या पोटात गोळा यायचा.

त्या रविवारी मी हे आजीला फोनवर सांगत होते. आमच्याकडेही संध्याकाळी काटा असतो, बायकांना किलोवर मजुरी मिळते, त्यामुळे तिला चित्र लगेच दिसलं. तिने विचारलं, 'मंग त्याइले मजुरी काय भेटे?'

'काहीच नाही, आजी.'

'अन् सांजीले घरी जाऊ देत का?'

'घरही मालकाचंच होतं.'

'लेकरं?'

'लेकरंही.'

आजी गप्प झाली. मग म्हणाली, 'थे वेचणी नोयच पोरी.' मजुरी नाही, परतायला स्वतःचं घर नाही, तर त्या कामाला वेचणी हा शब्दच लावू नये, असं तिचं म्हणणं होतं. वर्गातही अशीच शब्दांची चर्चा व्हायची. बाई 'गुलाम' असं नाम वापरू देत नसत, 'गुलाम केली गेलेली माणसं' म्हणा म्हणत. सुरुवातीला मला तो नुसता शिष्टाचार वाटला होता. आजीशी बोलल्यावर तसं वाटेनासं झालं.

कापसाची ही जमीन तरी कुठून आली, याचा धडा पुस्तकात वेगळ्या प्रकरणात होता. १८३० चा इंडियन रिमूव्हल कायदा, चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ आणि चेरोकी या मूळनिवासी लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकणं, १८३८ च्या चेरोकी वाटचालीत गेलेले हजारो जीव. परीक्षेच्या तयारीत आम्ही हा विषय 'अध्यक्ष जॅक्सन' या मथळ्याखाली पाठ करत होतो आणि कापूस 'अर्थव्यवस्था' या मथळ्याखाली. दोन नकाशे एकावर एक ठेवल्यावर मला दिसलं की ज्या काळ्या मातीच्या पट्ट्यातून एका लोकांना हाकललं, त्याच पट्ट्यात दुसऱ्यांना साखळीने बांधून आणलं. मला वाटतं हे दोन धडे एकाच दिवशी शिकवायला हवेत.

आणि ते आणले गेले ते आमच्याच भागातून. व्हर्जिनियातली तंबाखूची जमीन थकली होती, इथे माणसं 'जास्त' झाली होती, तर दक्षिणेत कापसाला माणसं हवी होती. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं अशी देशातल्या देशात वरच्या राज्यांतून खालच्या राज्यांत नेली गेली. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर अलेक्झांड्रिया आहे. तिथे ड्यूक स्ट्रीटवर १३१५ क्रमांकाचं एक विटांचं तीन मजली घर आहे. १८२८ ते १८३६ या काळात तिथे फ्रँकलिन अँड आर्मफिल्ड या पेढीचं ठाणं होतं, माणसांच्या देशांतर्गत व्यापारातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक. काही माणसं जहाजाने न्यू ऑर्लिन्सला जात. काहींना पायी मिसिसिपीतल्या नॅचेझला नेत, सुमारे हजार मैल, पुरुष जोडीजोडीने बेड्यांत. आता तिथे संग्रहालय आहे. एका शनिवारी बाबा मला घेऊन गेले. बाहेर रस्त्यावर अगदी साधी रहदारी, समोर ऑफिसं. बाबांनी घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

फेब्रुवारीत वर्गात एक वाद झाला. एक मुलगा म्हणाला, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. त्याच्या घरी सगळे असंच मानतात. बाईंनी त्याला गप्प केलं नाही, त्याला कागद दिला. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटलं, त्यानंतर चारच दिवसांत त्यांनी आपली कारणं सांगणारा जाहीरनामा काढला. तो आम्ही मोठ्याने वाचला. त्यातली मुख्य तक्रार अशी की उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, उलट त्यांना वाचवणारे कायदे आपापल्या विधानसभांत करतात. म्हणजे राज्याचा हक्क उत्तरेने बजावला आणि तोच दक्षिणेला खुपला.

त्याच्या जोडीला १८५० चा फरारी गुलाम कायदा. त्यात एक तरतूद आहे जी मी कधी विसरणार नाही. पकडलेला माणूस गुलाम आहे की नाही हे ठरवणाऱ्या आयुक्ताला, त्याने माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर फी आणि सोडून दिला तर ५ डॉलर. कारण काय, तर कागदपत्रं जास्त लागतात. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे. १८५४ मध्ये व्हर्जिनियातून पळून बॉस्टनला गेलेल्या अँथनी बर्न्सला या कायद्याखाली पकडलं. त्याला बंदरापर्यंत नेताना दुतर्फा सैनिक उभे करावे लागले, हजारो लोक रस्त्यावर आले, घरांवर काळी कापडं लटकली. राज्याच्या इच्छेविरुद्ध केंद्राची फौज वापरून एका माणसाला गुलामीत परत पाठवलं गेलं, आणि ते दक्षिणेच्या मागणीवरून. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चने वर्गणी काढून त्याला सोडवलं. तो मुलगा वाद हरला असं मी म्हणणार नाही. त्याने जाहीरनाम्याची प्रत घरी नेली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

याच सुमारास मी वर्गात महात्मा फुले यांच्याबद्दल बोलले. पुण्याच्या शाळेत 'गुलामगिरी हा ग्रंथ ____ यांनी लिहिला' ही गाळलेली जागा मी कितीदा भरली होती. १८७३ हे सालही पाठ होतं. पण पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेच्या लोकांना उद्देशून आहे, हे वाचूनही मला कधी जाणवलं नव्हतं. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतल्या सज्जनांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल कौतुक म्हणून ते पुस्तक त्यांना अर्पण केलं आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवण्यासाठी हाच कित्ता गिरवावा अशी इच्छा लिहिली आहे. अर्पणपत्रिका इंग्रजीतही छापलेली असल्याने मला भाषांतर करावं लागलं नाही. मी ती वाचून दाखवली. पुण्यात बसून एका माणसाने या देशाकडे असं पाहिलं होतं, हे सांगताना मला खूप अभिमान वाटत होता. आमच्या वऱ्हाडच्या कापसाचंही सांगितलं, की युद्धात दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी आमच्याकडे मोर्चा वळवला आणि भाव कसे आभाळाला भिडले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा बाजार कसा कोसळला.

माझ्या शेजारी एक कृष्णवर्णीय मुलगी बसायची. तिने शांतपणे विचारलं, 'यात सज्जनांनी गुलामांना सोडवलं असं आहे. गुलामांनी स्वतः काय केलं ते कुठे आहे?' तिने पटापट नावं घेतली: गुलामीतून पळून येऊन तिच्याविरुद्ध बोलणारा-लिहिणारा फ्रेडरिक डग्लस, स्वतः पळून मग इतरांनाही सोडवून आणणारी हॅरिएट टबमन, १८३१ मध्ये व्हर्जिनियातच उठाव करणारा नॅट टर्नर. पुढे युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढलेले पावणेदोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय सैनिक. एलन क्राफ्टबद्दल तर मी पहिल्यांदा तिच्याकडूनच ऐकलं. १८४८ मध्ये ती आजारी गोऱ्या मालकाच्या वेषात, नवऱ्याला नोकर म्हणून बरोबर घेऊन, जॉर्जियातून फिलाडेल्फियाला पोचली. लिहिता येत नव्हतं, म्हणून कुणी सही मागू नये यासाठी उजवा हात झोळीत बांधला होता.

मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्या रात्री मी बाईंचे तेच तीन प्रश्न फुल्यांच्या अर्पणपत्रिकेला विचारले. कोण बोलतंय, कुणापुढे, आत्ताच का. नावाने ती अमेरिकेला अर्पण आहे, पण ऐकवायचं आहे ते पुण्यातल्या, आपल्या देशातल्या लोकांना. तिकडच्या वरचढ लोकांना लाज वाटली आणि त्यांनी पावलं उचलली, तुम्हाला कधी वाटणार, असा तो सवाल आहे. म्हणून त्यात सोडवणारे पुढे आहेत. माझ्या मैत्रिणीचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो आणि तो योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं. तिने अर्पणपत्रिकेचा फोटो काढून घेतला.

परीक्षा मेमध्ये झाली. ५५ मिनिटांत ५५ प्रश्न, मग लहान उत्तरं, मग डीबीक्यू आणि एक मोठा निबंध. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खरं काम परीक्षेनंतर होतं, जेव्हा शाळेचे तीन-चार आठवडे उरले होते आणि बाईंनी आम्हाला आमच्या काउंटीची (म्हणजे साधारण आपला जिल्हा) १८६० ची गुलामांची शिरगणती दिली.

ती वेगळीच यादी असते. वर मालकाचं नाव, पूर्ण, नीट अक्षरात. खाली ओळी: वय, लिंग, वर्ण. पुढे रकाने, फरारी आहे का, मुक्त केला का, आंधळा आहे का, मुका-बहिरा आहे का. नावाचा रकाना गुलामांसाठी नाहीच. प्रत्येकाने एक ओळ निवडायची आणि तिच्याबद्दल दोन पानं लिहायची. अट एकच, कागदात नाही ते लिहायचं नाही. नाव कल्पनेने द्यायचं नाही.

मी निवडलेल्या मालकाच्या खाली नऊ ओळी होत्या. त्यात एक होती: १६, स्त्री, काळी. मीही तेव्हा सोळाचीच होते. मालकाची जमीन किती, गहू किती, घोडे किती हे त्याच वर्षीच्या शेतीच्या यादीत मिळालं. त्याच नऊ ओळींत ३८ वर्षांची एक स्त्री होती आणि २ वर्षांचा एक मुलगा. ती तिची आई असेल, तो भाऊ असेल किंवा नसेलही. यादी नातं सांगत नाही. मी 'कदाचित' हा शब्द इतक्या वेळा लिहिला की बाईंनी समासात 'असंच हवं' असं लिहिलं.

१८७० ची शिरगणती ही पहिली, ज्यात पूर्वीच्या गुलामांची नावं इतर सगळ्यांसारखी नोंदली गेली. मी त्यात आमच्याच काउंटीतल्या पंचवीस ते सत्तावीस वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रिया शोधल्या, कारण तेव्हा वयं अंदाजाने सांगितली जात. त्या मालकाचं आडनाव लावणारी कुणी सापडली नाही. अनेकांनी ते लावलंच नव्हतं. पण त्या वयाच्या बायका बऱ्याच होत्या. कुणी धुणं धुणारी, कुणी घरकाम करणारी, काहींच्या नावाखाली त्यांची लेकरं, तीही नावानिशी.

मी बाईंना विचारलं, यातली कोणती निवडू? त्या म्हणाल्या, निवडू नकोस, सगळ्या लिही. शेवटच्या पानावर मी ती सगळी नावं यादीतल्या स्पेलिंगप्रमाणे उतरवली आणि खाली लिहिलं: यांपैकी कुणीही ती असू शकेल. मधल्या काळात तिला दक्षिणेत विकलं असेल, तर यांपैकी कुणीच ती नाही.